सातवाहनांना जायकवाडी बांधता आलं असतं का? एका युक्तिवादाची झडती

सुट्टीत झरीला गेले की पारावर एक वाक्य हमखास ऐकू येतं: “पैठण सातवाहनांची राजधानी होती. मनात आणलं असतं तर जायकवाडी तेव्हाच झालं असतं!” आपल्या परभणी जिल्ह्याला जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी मिळतं, त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा. खरं सांगते, माझ्या संशोधन आराखड्याच्या पहिल्या मसुद्यात मीही जवळपास हेच लिहिलं होतं. मार्गदर्शकांचा शेरा दोनच शब्दांचा होता: ‘कोणतं धरण?’

या युक्तिवादात दोन पुरावे नेहमी दिले जातात. एक, कावेरीवरचं कल्लणै. पण तो जेमतेम पाच-साडेपाच मीटर उंचीचा बंधारा. तो पाणी वळवतो, साठवत नाही. दुसरा, गिरनारचा सुदर्शन तलाव. तो मौर्यकाळात बांधला गेला, पण डोंगरातल्या छोट्या नद्यांवर. आणि वादळी पावसात तो फुटल्याचं रुद्रदामनाचा इ. स. १५० च्या सुमाराचा शिलालेखच सांगतो. म्हणजे ‘धरण’ या एकाच शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात.

उलट बाजूचा युक्तिवादही तितकाच कच्चा आहे: “एवढी माती कोण टाकणार?” जरा हिशेब करू. लांबी १० किलोमीटर, सरासरी उंची २० मीटर, दोन्ही उतार ३ ला १ धरा. माती होते सुमारे १.२ कोटी घनमीटर. एक माणूस दिवसाला एक घनमीटर माती खणून, वाहून, ठोकून बसवतो असं समजू. १०,००० माणसं वर्षाचे कोरडे २०० दिवस राबली, तर काम सहा वर्षांत होतं. आकडे ढोबळ आहेत, दुप्पट करा हवं तर. तरी माती ही अडचण नाही.

अडचण आहे पावसाळा. माती धरणावरून पाणी गेलं की ते धुऊन जातं. नदीपात्रातली शेवटची खिंड एका उन्हाळ्यात बुजवायची, आणि पुढचा पूर सांडव्यावरून सुखरूप खाली उतरवायचा, हा खरा प्रश्न. जायकवाडीला त्यासाठी २७ दरवाजे आहेत. इजिप्तमधलं साद्द अल-काफारा साडेचार हजार वर्षांपूर्वी बांधून पुरं होण्याआधीच पुरानं नेलं. ऑर्थर कॉटननं १८४७ ते १८५२ मध्ये धवळेश्वरमला गोदावरी अडवली, तीही पूर डोक्यावरून जाऊ देणाऱ्या बुटक्या बंधाऱ्यानं.

म्हणून माझं मत: गोदावरीचं पाणी वळवणं त्या काळी कल्पनेबाहेरचं नव्हतं. १०२ टीएमसी साठवणं मात्र होतं.

तुम्ही आराखडा लिहीत असाल तर ‘शक्य होतं का?’ एवढ्यावर थांबू नका. काय बांधायचं, किती उंच, आणि बांधकाम चालू असताना पूर कुठून जाणार, हे आधी लिहा. माझा दुसरा मसुदा या तिसऱ्या प्रश्नापासून सुरू झाला.