महागडी तबकडी आणि आपले कान

मागे बसलेल्यांना ऐकू येतंय ना? आजचा विषयच ऐकण्याचा आहे, म्हणून आधी विचारून घेतलं.

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने चिठ्ठी दिली होती. एकाच अल्बमची साधी रेकॉर्ड मिळते आणि तिच्या तिप्पट-चौपट किमतीची 'ऑडिओफाइल' आवृत्तीही मिळते, म्हणजे आवाजाच्या बाबतीत अतिचोखंदळ असलेल्यांसाठी मुद्दाम नव्याने काढलेली. ती खरंच चांगली वाजते, की हा हौशी लोकांचा भ्रम आहे? प्रश्न एका ओळीचा आहे. पण आम्हाला त्यात तीन प्रश्न एकमेकांत अडकलेले दिसतात. दोन तबकड्यांत फरक ऐकू येतो का? येत असेल, तर तो कशामुळे येतो? आणि तो फरक असणं म्हणजेच 'चांगलं' असणं का? या विषयावरची बहुतेक भांडणं पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवल्यामुळे होतात, असं आमचं मत आहे. ते आज तपासून पाहू.

आधी तबकडी तयार कशी होते ते थोडक्यात. मूळ ध्वनिमुद्रण टेपवर असतं. ती मास्टर टेप वाजवत एक इंजिनियर कटिंग लेथवर, लॅकर चढवलेल्या ॲल्युमिनियमच्या चकतीवर खाच कोरतो. खर्जाचा जोर किती ठेवायचा, आवाज एकूण किती मोठा कोरायचा, हे सगळे निर्णय तिथे होतात. मग त्या लॅकरवर धातूचा थर चढवून उलटा ठसा काढतात, त्याला 'फादर' म्हणतात. त्यावरून 'मदर', आणि मदरवरून 'स्टँपर', म्हणजे प्रत्यक्ष तबकड्या दाबणारा साचा. प्रत्येक पायरीला थोडं काही हरवू शकतं.

आता महागड्या तबकडीचे दावे बघा. पहिला दावा वजनाचा, १८० ग्रॅम. जाड तबकडी हाताला भारदस्त लागते, वाकण्याची भीती कमी असते. पण सुई खाचेत फिरते, आणि वजन वाढलं म्हणून खाचेचा आकार बदलत नाही. दुसरा दावा मिनिटाला ४५ फेऱ्यांचा. हा पक्का आहे. तबकडीच्या मध्याकडे जाताना वर्तुळ लहान होतं, तेवढ्याच वेळाचं संगीत कमी लांबीच्या खाचेत बसवावं लागतं आणि शेवटच्या गाण्यात आवाज चिरकतो. ३३⅓ ऐवजी ४५ फेऱ्या केल्या की खाच सुईखालून ३५ टक्के जास्त वेगाने जाते, तपशिलाला जागा मिळते. हे कागदावर मांडता येतं. तिसरा दावा, फादर आणि मदर गाळून लॅकरवरून थेट स्टँपर काढण्याचा. आणि चौथा, सगळ्यांत मोठा दावा शुद्ध ॲनालॉग असण्याचा: टेपपासून खाचेपर्यंत मध्ये कुठेही डिजिटल पायरी नाही.

या चौथ्या दाव्याची परीक्षा २०२२ साली झाली. अमेरिकेत मोबाइल फिडेलिटी नावाची कंपनी आहे, १९७७ साली सुरू झालेली, या क्षेत्रातलं मोठं नाव. वेष्टनावर वरच्या बाजूला 'ओरिजिनल मास्टर रेकॉर्डिंग' अशी पट्टी. २०१६ साली त्यांनी सँटानाच्या 'अब्राक्सस'पासून 'वन-स्टेप' मालिका सुरू केली, तीच ती थेट स्टँपर काढण्याची पद्धत. पुढे तिची किंमत १२५ डॉलरपर्यंत गेली. समीक्षकांनी या तबकड्यांची भरभरून स्तुती केली. आवाजातली ऊब, मोकळेपणा, गायक समोर उभा असल्याचा भास. आणि हे सगळं शुद्ध ॲनालॉग असल्यामुळेच, असंही अनेकांनी छातीठोकपणे लिहिलं.

मग कंपनीने मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'च्या ४०,००० वन-स्टेप प्रती काढण्याचं जाहीर केलं. इथे जाणकार थबकले. हिशेब करा ना. मदर नसली की एका लॅकरमधून फार थोड्या प्रती निघतात. ४०,००० प्रतींसाठी कितीतरी लॅकर कोरावे लागणार, आणि शुद्ध ॲनालॉग म्हटलं की प्रत्येक वेळी १९८२ सालची मूळ टेप पुन्हा वाजवावी लागणार. एवढ्या मोलाची टेप कोण इतक्या वेळा झिजवू देईल? जुलै २०२२ मध्ये फीनिक्स शहरातले रेकॉर्ड-दुकानदार माइक एस्पोझिटो यांनी उघडपणे सांगितलं की मध्ये डिजिटल पायरी आहे. काही दिवसांतच कंपनीच्या इंजिनियरांनी कॅलिफोर्नियातल्या आपल्या जागी त्यांच्याशी बोलताना ते मान्य केलं. मूळ टेपवरून डीएसडी नावाच्या उच्च प्रतीच्या डिजिटल पद्धतीत नोंद घेतली जाई आणि तिच्यावरून लॅकर कोरला जाई. ही पद्धत २०११ पासून चालू होती. पुढे खटला झाला, आणि ग्राहकांना परताव्याची मुभा देणारी तडजोड झाली.

आता आम्हाला रस आहे तो पुढच्या अनुमानात. दोन गट लगेच उभे राहिले. एक म्हणाला, 'बघा, यांना काहीच ऐकू येत नव्हतं. सगळा मनाचा खेळ.' दुसरा म्हणाला, 'आम्हाला फसवलं, आता त्या तबकड्या ऐकवत नाहीत.' आमच्या मते दोघंही घसरले.

पहिल्या गटाला विचारू: डिजिटल पायरी होती, यावरून तबकड्या वाईट होत्या असं कुठे सिद्ध झालं? त्या उत्तम कोरलेल्या होत्या, अनेक ४५ फेऱ्यांच्या होत्या, दाबाईही काळजीची होती. 'हे छान वाजतंय' हा ऐकणाऱ्याचा निवाडा बरोबर असू शकतो. चुकलं ते 'ॲनालॉग आहे म्हणून छान वाजतंय' हे. कानाने परिणाम ओळखला. कारण वेष्टनावर वाचलं आणि ते कानानेच सांगितलं असं समजून चालले. आपल्याकडच्या नैयायिकांनी प्रत्यक्ष आणि शब्द ही दोन प्रमाणं वेगळी ठेवली, ती उगाच नाही. छापील शब्दावर विश्वास ठेवायला हरकत नाही, पण त्याला प्रत्यक्ष म्हणू नये.

आता दुसरा गट. काल जी आवडत होती ती तबकडी आज का आवडेनाशी व्हावी? खाच तर तीच आहे. याला हसू नका. अमेरिकन तत्त्वज्ञ नेल्सन गुडमन यांनी १९६८ साली 'लँग्वेजेस ऑफ आर्ट' या ग्रंथात याच्या जवळचा प्रश्न घेतला. अस्सल चित्र आणि हुबेहूब नक्कल यांत आज मला फरक दिसत नसला, तरी एक नक्कल आहे हे कळल्याने सौंदर्यदृष्ट्या काही बदलतं का? ते म्हणतात, बदलतं. कारण ती माहिती मला पुढे काय शोधायचं, नजर कशी तयार करायची ते सांगते. त्याच ग्रंथात ते संगीताला नकलेच्या बाहेर ठेवतात. स्वरलिपीबरहुकूम झालेला प्रत्येक प्रयोग ही तीच कृती. पण तांब्याच्या पत्र्यावरून काढलेल्या ठशांच्या चित्राला मात्र ते अस्सल-नकलीचा निकष लावतात, कारण तिथे ठसा कोणत्या पत्र्यावरून निघाला याला महत्त्व असतं. आमचं म्हणणं असं, की तबकडी या ठशांच्या चित्राची बहीण आहे. ती कोणत्या साच्यातून आली, साचा कशावरून आला, हा इतिहास तिच्या ओळखीचा भाग आहे. म्हणून कानाचं नुकसान शून्य असलं तरी ग्राहकाचं झालं. ज्याला इतिहास विकला त्याला खरा इतिहास मिळाला नाही. तक्रार रास्त होती. फक्त तिचं नाव 'आवाज बिघडला' असं नव्हतं.

आता तिसरा प्रश्न, 'चांगलं' म्हणजे काय. त्यासाठी माइल्स डेव्हिस यांचा 'काइंड ऑफ ब्लू' घेऊ, १९५९ चा. २ मार्चच्या पहिल्या बैठकीत मुद्रणाचं यंत्र किंचित हळू फिरत होतं. त्यामुळे तबकडीची पूर्ण पहिली बाजू योग्य वेगाने वाजवली तरी थोडी घाईत आणि थोड्या चढ्या सुरात वाजते. फरक अर्ध्या स्वराहून कमी, पण सोबत वाद्य घेऊन बसणाऱ्याला जाणवेल असा. १९९२ साली, योग्य वेगाने फिरलेल्या दुसऱ्या यंत्राची टेप वापरून तो सुधारला, आणि पुढच्या ऑडिओफाइल आवृत्त्या त्या दुरुस्त सुरात आल्या. म्हणजे इथे नवी आवृत्ती जास्त खरी आहे, यात वाद नाही. पण तीस-बत्तीस वर्षं जगाने ज्याच्यावर प्रेम केलं तो चढा सूर होता. जुना श्रोता म्हणतो, 'दुरुस्त प्रत जरा सुस्त वाटते.' तो चुकतोय का? वाजवणाऱ्यांनी काय वाजवलं हे जाणायचं असेल तर दुरुस्त प्रतच घ्यावी. आपल्या तरुणपणी आपण काय ऐकलं ते पुन्हा भेटायचं असेल तर जुनी. 'चांगलं' हा शब्द एकटा उभा राहत नाही. कशासाठी चांगलं, हे जोडावंच लागतं.

आणि साधी तबकडी नेहमी हरते असंही नाही. लेड झेपलिनचा दुसरा अल्बम, १९६९. सुरुवातीच्या प्रती रॉबर्ट लुडविग यांनी इतक्या दणदणीत कोरल्या की स्वस्त प्लेअरवर सुई उडे. कंपनीने मग सौम्य कोरणी करून घेतली. त्या पहिल्या प्रती त्या काळी दुकानातल्या साध्या प्रतीच होत्या. आज खाच संपते तिथे 'आरएल' ही अक्षरं कोरलेली प्रत संग्राहक शोधत फिरतात. उलट उदाहरण ब्लू नोटचं. त्यांची 'टोन पोएट' ही महाग मालिका आणि 'क्लासिक' ही स्वस्त मालिका, दोन्हींची कोरणी केव्हिन ग्रे यांची. दाबणारे कारखाने वेगळे, वेष्टनाचा थाट वेगळा. जिथे निर्णय होतात तिथे हात एकच असेल, तर किंमत दुप्पट झाली म्हणून आवाज दुप्पट कसा होईल?

राहिला पहिला प्रश्न, फरक ऐकू येतो का. यात आमची स्वतःची फजिती सांगतो. एका मित्राकडे एकाच जाझ अल्बमच्या दोन प्रती होत्या, साधी आणि महागडी. आम्ही ऐकलं आणि लगेच महागडीच्या बाजूने निकाल दिला, वर दहा मिनिटं कारणमीमांसाही केली. मित्राची मुलगी स्वयंपाकघरातून म्हणाली, 'काका, ती जरा मोठ्याने वाजतेय.' खरंच होतं. किंचित मोठा आवाज आपल्याला 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो. ध्वनितज्ज्ञांना हे फार जुनं माहीत आहे. तिने दोन्हींचा आवाज सारखा केला, पाठ फिरवून बसवलं आणि दहा वेळा ओळखायला लावलं. आमचे सहा बरोबर आले. नाणं उडवूनही सहज येतात. आता आमच्या वयात वरचे सूर कानातून गेलेलेच असतात, तेव्हा हा निकाल तबकडीचा की आमच्या कानाचा, हेही सांगता येणार नाही. तुमच्यातल्या तरुणांनी ही परीक्षा जरूर करावी. आवाज मात्र आधी सारखा करा.

तर चिठ्ठी लिहिणाऱ्याला उत्तर. महागडी आवृत्ती कधी खरंच चांगली वाजते. पण 'ऑडिओफाइल' या शिक्क्यामुळे नाही, वजनामुळे तर नाहीच. विकत घेण्याआधी तीन गोष्टी विचारा: कोरली कोणी, कोणत्या टेपवरून, आणि मध्ये काय काय झालं. २०२२ च्या प्रकरणानंतर मोबाइल फिडेलिटीनेच तबकडी कोणत्या टप्प्यांतून आली हे सांगायला सुरुवात केली, ही त्यातली चांगली गोष्ट. उत्तर मिळत नसेल, तर साधी प्रत घ्या आणि उरलेल्या पैशात आणखी एक रेकॉर्ड घ्या.

आम्ही त्या मित्राकडे अजून जातो. तो आता कुठली प्रत लावलीय ते सांगत नाही आणि आम्हीही विचारत नाही. मुलगी मात्र अधूनमधून येऊन आवाजाचं बटण बघून जाते.

प्रश्न असतील तर घेऊ.