‘द एल्डर स्क्रोल्स’ खेळमालिका : अद्भुतरम्य कथनाची वाचनापासून फारकत

संगणकीय खेळ हा साहित्यसमीक्षेचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न उपस्थित केला जाणे स्वाभाविक आहे. तथापि ज्या खेळात खेळणारा एखादे पात्र स्वीकारतो, त्याचा स्वभाव घडवितो आणि त्याच्या निर्णयांतून कथानक पुढे नेतो, तो भूमिका-खेळ कथनमीमांसेला टाळता येण्याजोगा नाही. अमेरिकेतील बेथेस्डा या कंपनीची १९९४ पासूनची ‘द एल्डर स्क्रोल्स’ ही मालिका या दृष्टीने अभ्यसनीय, आणि तितकीच निराश करणारी आहे.

मालिकेतील तिसऱ्या ‘मोरोविंड’ (२००२) या खेळात सुटका झालेल्या एका कैद्यास बालमोरा गावी जाऊन काइअस कोसाडिस या इसमास भेटण्यास सांगितले जाते. त्याचे घर कोणतीही खूण दाखवीत नाही. गावातील एका मद्यगृहात चौकशी करावी लागते. पुढेही पूल, ओढा, टेकडी अशा सांगोवांगीच्या खुणा रोजनिशीतून वाचून वाट काढावयाची, आणि त्या क्वचित चुकीच्याही निघतात. विठ्ठलवाडी स्थानकाबाहेर एखाद्या चाळीचा पत्ता शोधणाऱ्यास हा अनुभव परका वाटू नये. महत्त्वाच्या पात्राची हत्या केल्यास मूळ कथेचा धागा तुटल्याची सूचना मिळते. परंतु खेळणाऱ्याचा हात कोणी धरीत नाही.

‘ऑब्लिव्हियन’मध्ये (२००६) होकायंत्रावर गंतव्यस्थानाची खूण आली. महत्त्वाची पात्रे मारली तरी मूर्च्छित होऊन पुन्हा उठू लागली. सर्व संभाषणे ध्वनिमुद्रित झाल्याने पूर्वीचा लिखित मजकुराचा पसाराही आटला. ‘डॅगरफॉल’मधील (१९९६) ३५ कौशल्ये ‘मोरोविंड’मध्ये २७, मग २१ आणि ‘स्कायरिम’मध्ये (२०११) १८ झाली, याबद्दल जुने खेळाडू हळहळतात. प्रस्तुत लेखकास त्याचे फारसे दुःख नाही. पुष्कळशी ती हिशेबाची वहीच होती. आक्षेप निराळा आहे. ‘स्कायरिम’मधील खूण बंद करून खेळू पाहावे, तर पात्रे रस्ता सांगतच नाहीत. म्हणजे वाचणाऱ्या खेळाडूची जागा संहितेतूनच काढून टाकलेली आहे. हिमाच्छादित डोंगरांचे तेथील दृश्यवैभव निर्विवाद. पण नजर वरच्या पट्टीवरील खुणेवर खिळलेली राहते. २०२५ मध्ये ‘ऑब्लिव्हियन’ नव्या रूपात आला, तेव्हा चित्रण उजळले. खूण कायम राहिली.

येथे पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्सच्या ‘राजी’ (२०२०) या खेळाचा उल्लेख अस्थानी ठरू नये. तो भूमिका-खेळ नव्हे. हरवलेल्या भावाच्या शोधातील मुलीची वाट त्यात आधीच ठरलेली आहे. तरीही भिंतीवरील देवादिकांच्या चित्रांपाशी खेळणारा थांबतो आणि कथा ऐकतो. निवडीचे अफाट स्वातंत्र्य मिरविणाऱ्या ‘स्कायरिम’मध्ये असे थांबण्याचे कारण क्वचितच उरते.