लाजाळूची बटणं

वेबसाइटवरची काही बटणं अशी असतात, की माउसचा बाण नुसता अंगावरून गेला तरी ती लाजतात. निळ्याची तांबडी होतात, जरा फुगतात, एखादं तर सावलीसकट वर उचललं जातं. दाबलेलं तर काहीच नसतं! बागेतल्या लाजाळूलासुद्धा निदान बोट लावावं लागतं हो. या प्रकाराला रोलओव्हर म्हणतात.

त्यामागची विद्या आम्हा कॉमर्सवाल्यांच्या चटकन ध्यानात येते, कारण हा शुद्ध डबल एन्ट्रीचा मामला आहे. १९९६ साली नेटस्केपच्या तिसऱ्या आवृत्तीत जावास्क्रिप्टला पानावरचं चित्र बदलता येऊ लागलं आणि हा धंदा तेजीत आला. प्रत्येक बटणाची चित्रं दोन : एक निजलेलं, एक जागं. बाण आला की 'ऑनमाउसओव्हर' ही नावेची नोंद, बाण गेला की 'ऑनमाउसआउट' ही जमेची. दुसरी राहिली की बटण पेटलं ते पेटलंच. हिशेब म्हणून जुळायचा नाही. शिवाय जागं चित्र आधीच मागवून ठेवायला हवं. नाहीतर त्या वेळच्या मोडेमवरून ते रखडत पोचेपर्यंत बाण पुढच्या गल्लीत गेलेला असे. दहा बटणं, वीस चित्रं! पुढे सीएसएसमध्ये 'हॉवर' आलं आणि हे सगळं खातं दोन ओळींत मिटलं.

इथवर आपली तक्रार नाही. गिऱ्हाईक समोर आलं की बटणानं "हं, बोला साहेब" म्हणून मान वर करावी, ही सभ्यताच झाली. आमच्या काउंटरवर ती अजून यायची आहे. माझं भांडण आहे ते बाण येईपर्यंत नावच न सांगणाऱ्या बटणांशी. पानावर नुसते पाच गोल. एकेकावर बाण नेऊन विचारायचं, "आपण कोण?" व्हिन्सेंट फ्लँडर्स या अमेरिकन टीकाकारानं १९९८ मध्ये या प्रकाराला 'मिस्टरी मीट' म्हटलं. तिकडच्या शाळांच्या कॅन्टीनमध्ये ताटात पडणारं, कुठल्या प्राण्याचं ते न कळणारं मांस! हॉस्टेलच्या मेसमधली आमटी खाल्लेल्यांना याचा अर्थ सांगायला नको.

त्यात २००७ साली आयफोन आला, आणि जग बोटानं चालू लागलं. बोट हवेत तरंगत असतं तेव्हा काचेला त्याचा पत्ता नसतो. टेकलं की दाबलं! मग नुसत्या बाणाला नाव सांगणारं बटण बोटाला काय सांगणार, कपाळ?

आमच्याकडे एक पेन्शनर आजोबा येतात. त्यांच्या फोनवरच्या एका साइटवर (नाव कशाला घ्या) बाहेर पडायचं बटण कोपऱ्यातल्या एका चिमुकल्या डोक्याखाली दडवलंय. फोन पुढे करून ते हळूच विचारतात, "यातून बाहेर कसं पडायचं हो? पैसे उघडे तर नाही ना राहिले?"

मी त्या डोक्यावर बोट ठेवून दाखवतो.

"हे दार होय?" आजोबा म्हणतात. "मला वाटलं, मॅनेजरांचा फोटो आहे."