नाममुद्रेचा रंग : विभाव की अभिज्ञान?

व्यापारी बोधचिन्हांतील रंगांविषयी एक सोपी कोष्टकपद्धती आता सर्वत्र रूढ झाली आहे. लाल म्हणजे ऊर्जा आणि भूक, निळा म्हणजे विश्वास, हिरवा म्हणजे निसर्ग, जांभळा म्हणजे ऐश्वर्य, ही समीकरणे जाहिरातकलेच्या आणि व्यवस्थापनाच्या वर्गांत जवळजवळ पाढ्यांसारखी शिकविली जातात. त्यांच्यामागे एक गृहीतक आहे. भाव रंगातच वसत असतो, पाहणाऱ्याने केवळ डोळे उघडावयाचे, की तो भाव त्याच्या ठायी संक्रमित होतो, असे हे गृहीतक. साहित्याच्या अभ्यासकाला ते परके वाटू नये. अर्थ शब्दातच अंगभूत असतो, या भूमिकेची ती दृश्य आवृत्ती होय. सोस्यूरनंतर शब्दाच्या बाबतीत ही भूमिका टिकू शकली नाही. रंगाच्या बाबतीत मात्र ती अद्याप निर्धास्तपणे वावरते आहे. प्रस्तुत निबंधात तिची तपासणी करावयाची आहे. बोधचिन्हातील रंग भाव उत्पन्न करतो त्यापेक्षा अधिक तो आधीच घडलेल्या भावाची ओळख पटवितो. आपल्या परिभाषेत बोलावयाचे तर त्याचे कार्य विभावाचे कमी आणि अभिज्ञानाचे अधिक आहे, असे येथे प्रतिपादन आहे.

भारतीय अभ्यासकाला या कोष्टकाचा एक स्वदेशी पूर्वज चटकन आठवतो. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरताने आठ रसांना आठ वर्ण दिले आहेत : शृंगाराला श्याम, हास्याला श्वेत, करुणाला कपोत, रौद्राला रक्त, वीराला गौर, भयानकाला कृष्ण, बीभत्साला नील आणि अद्भुताला पीत. आधुनिक रंगमानसशास्त्र आपल्याकडे दोन सहस्रकांपूर्वीच सिद्ध झाले होते, असे म्हणण्याचा मोह येथे होतो. तो आवरला पाहिजे. एक तर ही दोन कोष्टके जुळत नाहीत. आजच्या बाजारात प्रेमाची भेटकार्डे तांबडी-गुलाबी असतात, भरताचा शृंगार श्याम आहे. बँका निळा रंग विश्वासाचा म्हणून मिरवितात, भरताचा नील वर्ण बीभत्साकडे आहे. परंतु त्याहून महत्त्वाचा मुद्दा कार्यकारणाच्या दिशेचा आहे. त्याच अध्यायातील रससूत्रात विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगाचा उल्लेख आहे, वर्णाचा नाही. वर्ण हा देवतेप्रमाणेच रसाला जोडून दिलेला आहे. श्याम रंग पाहिल्याने शृंगार निष्पन्न होतो, असे भरत कोठेही सुचवीत नाही. रसाकडून वर्णाकडे जाणारी ही वाट आहे. बाजाराचे कोष्टक तीच वाट उलट्या दिशेने चालू पाहते.

पाश्चात्त्य परंपरेतही ही उलटी वाट वाटते तितकी निर्वेध नाही. गटेच्या ‘रंगसिद्धांत’ या ग्रंथाचा (१८१०) आधार रंगमानसशास्त्राचे समर्थक नेहमी घेतात, कारण रंगांच्या ऐंद्रिय आणि नैतिक परिणामांवर त्यात स्वतंत्र प्रकरण आहे. परंतु पिवळ्या रंगाविषयी लिहिताना गटे स्वतःच सांगतो, की हा रंग रेशमावर उदात्त भासतो आणि जाड्याभरड्या कापडावर अप्रिय होतो. रंग तोच, पोत बदलला, आणि भाव पालटला. आधार बदलल्यावर भाव बदलत असेल, तर तो केवळ रंगात होता असे कसे म्हणावे? सार्वत्रिकतेच्या बाजूने ब्रेंट बर्लिन आणि पॉल के यांच्या १९६९ च्या संशोधनाचाही दाखला दिला जातो. भिन्न भाषांत मूलभूत रंगनामे येण्याच्या क्रमात काही नियमितता असते, असे त्यांनी दाखविले. हा सिद्धांत महत्त्वाचा आहे, पण तो रंगांच्या नामकरणाविषयी आहे. त्या नामांना चिकटणाऱ्या भावांविषयी त्यातून काहीही निष्पन्न होत नाही. लाल रंग चटकन नजरेत भरतो हे मान्य करूनही, नजरेत भरलेल्या त्या रंगाविषयी काय वाटावे हा प्रश्न उरतोच.

या प्रश्नाचे एक उत्तर रोलां बार्तने १९६४ मध्ये ‘प्रतिमेचे वक्तृत्व’ या निबंधात देऊन ठेवले आहे. पान्झानी या फ्रेंच कंपनीच्या जाहिरातीतील टोमॅटो, ढोबळी मिरची आणि पिवळ्या-हिरव्या-लाल छटा मिळून ‘इटालियनपणा’ सूचित करतात, असे त्याने दाखविले; आणि लगेच पुढे नोंदविले, की हा अर्थ कळण्यासाठी जे ज्ञान लागते ते फ्रेंच माणसाचे आहे. इटलीविषयीच्या पर्यटकी कल्पना ज्याच्या मनात साठलेल्या आहेत, त्यालाच या छटा बोलतात. खुद्द इटालियन वाचकाला त्या फारशा जाणवणारही नाहीत. रंगाचा अर्थ अशा रीतीने कागदावर नसतो, वाचकाच्या पूर्वसंचितात असतो.

आपल्याकडील एक उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. मुंबईत २००० साली एका मोबाइल सेवेने ‘ऑरेंज’ हे नाव धारण केले. म्हणजे रंग हेच नाव आणि नाव हाच रंग. २००५ मध्ये त्या जागी ‘हच’ आले आणि पुढे गुलाबी रंग आला. २००७ च्या सप्टेंबरात हचचे व्होडाफोन झाले व गुलाबीचा लाल झाला. २०१८ मध्ये व्होडाफोन आणि पिवळ्या रंगाची ‘आयडिया’ या कंपन्यांचे विलीनीकरण झाले, आणि ७ सप्टेंबर २०२० रोजी लाल-पिवळे ‘व्हीआय’ अवतरले. वीस वर्षांत ग्राहक तोच आणि पुष्कळदा त्याचा क्रमांकही तोच राहिला. रंग मात्र नारिंगी, गुलाबी, लाल आणि लाल-पिवळा असा बदलत गेला. कोष्टक खरे असते, तर या ग्राहकाची भावावस्था उत्साहातून कोमलतेकडे, तेथून आवेगाकडे अशी प्रवास करती झाली असती. तसे घडल्याचे कोणी म्हणत नाही.

या संक्रमणाची जाहिरात तर अधिकच उद्बोधक आहे. हचच्या जाहिरातींत २००३ पासून एक पग जातीचा कुत्रा दिसू लागला होता. एका लहान मुलाच्या मागोमाग तो सर्वत्र जात असे. २००७ च्या जाहिरातीत हा कुत्रा गुलाबी घरकुलातून बाहेर पडतो आणि लाल घरकुलात शिरतो. जाहिरातकर्त्यांना एक गोष्ट नेमकी ठाऊक होती : लाल रंग आपल्या बळावर जिव्हाळा निर्माण करणार नाही. जिव्हाळा कथेत होता, त्या मुक्या सोबत्यात होता. नव्या रंगाला तो उसना द्यावा लागला. आणखी असे, की त्या काळात भारतात एअरटेल आणि व्होडाफोन हे दोन प्रतिस्पर्धी दोन्ही लाल होते. दोघांचा लाल एकच भाव देत असता, तर बोधचिन्हाचे मूळ प्रयोजनच उरले नसते.

न्यायालयांनी हा प्रश्न सौंदर्यशास्त्राचा म्हणून हाताळला नाही. तरीही त्यांची भाषा तुलनाकाराने वाचण्याजोगी आहे. लिबर्टेल या डच दूरसंचार कंपनीने नारिंगी रंग व्यापारचिन्ह म्हणून मागितला, तेव्हा युरोपीय न्यायालयाने २००३ मध्ये म्हटले, की केवळ रंगावरून वस्तूचे मूळ ओळखण्याची ग्राहकाला सहसा सवय नसते. ती ओळख वापराने प्राप्त होऊ शकते. आणि रंगांची उपलब्धता इतरांसाठी अवाजवी मर्यादित होऊ नये यात सार्वजनिक हित आहे. कॅडबरीच्या जांभळ्याचा वाद इंग्लंडच्या अपील न्यायालयात २०१३ मध्ये नेस्लेच्या बाजूने निकाली निघाला, तो एका शब्दाच्या अर्थनिर्णयनावर. नोंदणीच्या वर्णनात हा रंग वेष्टनाचा ‘प्रमुख’ रंग असेल असे म्हटले होते. या ‘प्रमुख’चा अर्थ पुरेसा निश्चित नाही, असे न्यायालयाने ठरविले. रंगाची मालकी शेवटी एका विशेषणाच्या संदिग्धतेवर अडली.

त्या वादातील जांभळा ‘पॅन्टोन २६८५ सी’ या क्रमांकाने ओळखला जातो. मराठीने रंगांना नावे दिली ती वस्तूंवरून : जांभळा, नारिंगी, पोपटी, डाळिंबी, आमसुली, अबोली. या प्रत्येक नावात एखादे झाड, एखादी चव किंवा एखादा ऋतू आहे. १९६३ पासून प्रचारात आलेल्या पॅन्टोनपद्धतीने रंगाला क्रमांक दिला. मुद्रकाच्या दृष्टीने ती मोठी सोय झाली. पण क्रमांकाने रंगावरची जुनी स्मृती पुसली जाते, आणि मोकळ्या झालेल्या त्या जागेत कंपनी स्वतःची स्मृती भरते. नाममुद्रेचा रंग घडतो तो असा : आधी विस्मरण, मग पुनरावृत्तीने लादलेले स्मरण.

विस्मरण आणि स्मरण हे शब्द आले, की शाकुंतलाचा विषय टाळता येत नाही. ‘ब्रँड’साठी मराठीत रुळलेला ‘नाममुद्रा’ हा शब्द त्या नाटकातील अंगठीचे शब्दशः वर्णन आहे. दुष्यंताच्या नावाची अक्षरे कोरलेली ती मुद्रिका आहे. ही एकच वस्तू सहाव्या अंकापर्यंत तीन प्रकारच्या प्रेक्षकांपुढे येते. माशाच्या पोटात ती सापडलेल्या कोळ्याला ती विकून पैसे देणारी वस्तू दिसते. राजपुरुषांना ती चोरीचा पुरावा दिसते. राजाला ती दिसताच शकुंतला आठवते आणि तो पश्चात्तापाने व्याकूळ होतो. सोने तेच, झळाळी तीच. भाव अंगठीत असता, तर तो कोळ्यालाही झाला असता. तो राजालाच होतो, कारण आश्रमातील प्रसंग त्याच्या अनुभवात आहेत. अंगठी त्या अनुभवाचे द्वार उघडते, इतकेच. बोधचिन्हातील रंगाचे कार्य नेमके या जातीचे आहे.

हे मान्य केले, म्हणजे कोष्टकाला न उलगडणाऱ्या काही गोष्टी उलगडतात. बीपी या तेलकंपनीने २००० साली हिरव्या-पिवळ्या सूर्यफुलासारखे बोधचिन्ह स्वीकारले. एप्रिल २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलविहिरीच्या तळावर स्फोट होऊन अकरा कामगार मृत्यू पावले आणि समुद्रात तेल पसरले. त्यानंतर तोच हिरवा रंग उपहासाचा विषय झाला. ग्रीनपीसने त्या बोधचिन्हाची नवी रूपे करण्याची स्पर्धाच मांडली. रंगात कणभर बदल न होता अर्थ उलटला, जसा विपरीत लक्षणेत शब्द न बदलता अर्थ उलटतो. अभिज्ञान जे आठवून देते, ते सुखद असलेच पाहिजे असे नाही.

फेसबुकच्या निळ्याची कथाही अशीच. मार्क झुकरबर्ग यांना लाल-हिरव्याचे रंगांधत्व आहे आणि निळा हा रंग त्यांना सर्वांत चांगला दिसतो, हे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. निळा ‘विश्वासाचा’ म्हणून निवडला गेला, असे सांगणाऱ्या पाठ्यपुस्तकांनी ही गोष्ट लक्षात घ्यावयास हवी.

निळ्याचाच धागा पुढे नेला, तर या चर्चेत पणाला काय लागले आहे ते दिसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४२ मध्ये स्थापन केलेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनपासून निळा झेंडा त्या चळवळीशी निगडित झाला. १४ एप्रिलला देशभरच्या वस्त्यांतून फडकणारा निळा आणि बँकेच्या दारावरचा निळा छटेने अगदी जवळचे असू शकतील. अर्थाने ते दोन भिन्न इतिहास आहेत. ‘निळा म्हणजे विश्वास’ असे वाक्य जागतिक सत्य म्हणून उच्चारले जाते, तेव्हा त्या रंगाला अर्थ देण्यासाठी ज्यांनी संघर्ष केला ते वाचकच पानावरून पुसले जातात. अर्थ निसर्गदत्त ठरला, की तो घडविणाऱ्यांचे श्रेय संपते.

बाजारातील रंगालाही हेच लागू आहे. १९९९ च्या आपल्या व्यापारचिन्ह अधिनियमात ‘चिन्ह’ या संज्ञेत रंगांच्या संयोगाचा समावेश आहे. कोलगेटविरुद्ध अँकर या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २००३ मध्ये दंतमंजनाच्या डब्यावरील एक तृतीयांश लाल आणि दोन तृतीयांश पांढऱ्या रंगसंगतीला संरक्षण दिले. त्या निर्णयात एक निरक्षर गिऱ्हाईक येते. लाल-पांढरा डबा आणण्यास सांगितलेले, अक्षरांऐवजी रंगावरून वस्तू ओळखणारे. भारतीय तुलनाकाराने या गिऱ्हाइकाकडे विशेष लक्ष द्यावे. बहुलिपी देशात रंग ही अक्षर न येणाऱ्याची लिपी आहे, आणि परप्रांतात गेल्यावर ती आपणा साक्षरांचीही लिपी होते. या गिऱ्हाइकाने वर्षानुवर्षे डबा ओळखला, म्हणून त्या रंगाला कायदेशीर मूल्य आले. स्मृती त्याची, मालकी कंपनीची. रंगातच भाव असतो असे म्हटले, की हा व्यवहार दिसेनासा होतो.

म्हणून तुलनात्मक अभ्यासाने रंगाच्या अर्थांचे आणखी एक कोष्टक तयार करू नये, मग ते भरताच्या आधारे असो वा गटेच्या. प्रत्येक रंगापाशी थांबून तीन प्रश्न विचारावेत : हा रंग कोणाला ओळखू येतो, कोणत्या अनुभवामुळे ओळखू येतो, आणि त्या ओळखीचा लाभ कोणाकडे जातो. पहिले दोन प्रश्न आपल्या शास्त्राला जुनेच आहेत. सहृदय आणि त्याची वासना यांची चर्चा करताना अभिनवगुप्ताने ते रसाच्या संदर्भात मांडलेच आहेत. तिसरा प्रश्न आपल्या काळाचा आहे, आणि तो विचारल्यावाचून पहिल्या दोहोंची उत्तरे यापुढे पुरी होणार नाहीत.