बडी रिच : वेग, साथ आणि वारसा

एखाद्या कलावंताच्या अंगचे सामर्थ्य इतके विलक्षण असते की, त्याचे मूल्यमापन करू पाहणाऱ्याची नजर त्या सामर्थ्यावरच खिळून राहते, आणि त्याने आपल्या कलेत नेमकी कोणती भर घातली हा खरा प्रश्न मागे पडतो. अमेरिकन जॅझमधील ड्रमवादक बडी रिच याच्या बाबतीत असे प्रकर्षाने घडले आहे. १९८७ च्या एप्रिल महिन्यात तो निवर्तला. त्याच्याविषयीचा वाद मात्र अद्याप निकालात निघालेला नाही. ड्रमवादकांच्या एका मोठ्या वर्गाला तो आजही निर्विवाद अव्वल वाटतो, तर अनेक मर्मज्ञ समीक्षकांना तो अचाट हातांचा, परंतु मर्यादित दृष्टीचा वादक वाटतो. माझ्या मते दोन्ही पक्षांची चूक एकच आहे. दोघांनीही आपला दावा त्याच्या एकलवादनावर उभारला आहे. त्याचे थोरपण मात्र साथीत आहे.

चाहत्यांची कैफियत प्रथम ऐकून घेणे न्याय्य होईल. १९१७ साली ब्रुकलिन येथे, व्हॉडव्हिल नावाच्या विविधरंजनी रंगभूमीवर चरितार्थ चालविणाऱ्या दांपत्याच्या पोटी जन्मलेला हा मुलगा, नीट बोलता येऊ लागण्यापूर्वीच आईबापांच्या खेळात ड्रम वाजवू लागला आणि ‘ट्रॅप्स, द ड्रम वंडर’ या नावाने बालवयातच गाजला. रीतसर तालीम त्याला कोणाची मिळाली नाही. स्वरलिपी अखेरपर्यंत वाचता आली नाही. तरीही विशी ओलांडताच बनी बेरिगन, आर्टी शॉ आणि टॉमी डॉर्सी यांच्या नामांकित वृंदांत त्याला मानाचे स्थान लाभले. डाव्या हातातील काठी लष्करी ढोलवादकांच्या जुन्या धाटणीने, तळहात वर करून धरून, स्नेअर ड्रमवर तो जो सलग रोल काढी, त्यातील उजव्या हाताचा आघात कोणता आणि डाव्याचा कोणता हे कानाला सांगता येत नसे. आणि तोच रोल कुजबुजीइतक्या मंद नादापासून सभागृह व्यापणाऱ्या गर्जनेपर्यंत चढवीत नेताना लय तसूभरही ढळत नसे. वेगवान वादक पुष्कळ झाले. आघातांची ही समता फार थोड्यांना साधली.

प्रतिपक्षाची फिर्यादही हलकी नाही. १९४० च्या सुमारास हार्लेममधील मिंटन्स क्लबात केनी क्लार्क याने तालाचा मुख्य धागा बास ड्रमवरून काढून राइड झांजेवर नेला आणि बास ड्रमला अनपेक्षित आघातांसाठी मोकळे केले. मॅक्स रोच याने त्याच वाटेने पुढे जाऊन ड्रमवादनाला संवादाचे आणि रचनेचे अंग दिले. या बिबॉप शैलीचे मर्म रिचच्या अंगी पुरते मुरले नाही, या आक्षेपाला पुरावा आहे. नॉर्मन ग्रँझ याने १९५० साली चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी आणि थेलोनियस मंक यांना एकत्र आणून जे ध्वनिमुद्रण केले, आणि जे पुढे ‘बर्ड अँड डिझ’ या नावाने प्रसिद्ध झाले, त्यात ड्रमवर रिच होता. आणि मंकच्या तुटक, विरामांनी भरलेल्या वादनाला जेथे मोकळीक हवी होती, तेथे रिचचा भरगच्च ताल ती व्यापून टाकतो. १९५९ च्या ‘रिच व्हर्सस रोच’ या मुद्रणात तर दोघे आपापल्या संचांसह समोरासमोर उभे ठाकले आहेत. रोच एखादी लहानशी लयाकृती मांडतो, ती उलटसुलट करून पाहतो, मौनालाही रचनेत स्थान देतो. रिच चढत्या वेगाने शिखराकडे झेपावतो, शिखर भव्यही असते, परंतु वाट श्रोत्याला आधीच ठाऊक झालेली असते. एकलवादनाची रचना हाच निकष मानला, तर निवाडा रोचच्या बाजूने लागेल, आणि तो मला मान्य आहे.

परंतु निकष तोच का मानावा? युद्धोत्तर काळात नृत्यगृहे ओस पडली, मोठ्या वृंदांचा खर्च पेलेनासा झाला, आणि पुढे रॉक संगीताने तरुण श्रोता ओढून नेला. अशा पडत्या काळात, १९६६ साली, हॅरी जेम्सच्या वृंदातील उत्तम वेतनाची जागा सोडून रिचने स्वतःचा मोठा वृंद उभारला, आणि अधूनमधून खंड पडला तरी अखेरपर्यंत त्याचा ध्यास सोडला नाही. नवी रचना आली की तालमीत तो ड्रमवर दुसऱ्या कोणाला तरी बसवी आणि स्वतः समोर राहून ऐके. एकदोनदा ऐकले की तिच्यातील प्रत्येक आघात, प्रत्येक विराम, ट्रंपेट आणि ट्रॉम्बोन यांचे प्रत्येक झेपावणे त्याच्या स्मरणात पक्के होई. ज्याच्या हातांची एवढी ख्याती झाली, त्याच्या कलेचे मूळ अशा प्रकारे कानात होते.

ही साथ म्हणजे काय, हे आपल्याकडील वाचकाला किंचित विस्ताराने सांगावयास हवे. ख्यालाच्या मैफलीत तबलजी ठेका सांभाळतो आणि गायक आपल्या जबाबदारीवर समेवर येतो. मोठ्या जॅझ वृंदात मात्र पंधरासोळा वादकांना एका श्वासात एकाच क्षणी उसळावयाचे असते, आणि त्या क्षणाची वर्दी ड्रमवादकाने अर्धी मात्रा आधी, ठेका न मोडता द्यावयाची असते. वर्दी लवकर आली तर घाई होते, उशिरा आली तर भार वाढतो. चिक वेब आणि काउंट बेसीच्या वृंदातील जो जोन्स यांनी घडविलेली ही विद्या रिचने परिपूर्णतेस नेली. बर्नस्टाइनच्या ‘वेस्ट साइड स्टोरी’वरून बिल रेडी याने सिद्ध केलेली दीर्घ रचना ऐकावी: त्यातील एकलवादनाला टाळ्या पडतात हे खरे, परंतु लय पालटणाऱ्या प्रत्येक वळणावर सबंध वृंद जो निःशंकपणे पाऊल टाकतो, ती निःशंकता रिचने दिलेली आहे.

१९६८ साली निघालेल्या ‘रिच आ ला राखा’ या ध्वनिमुद्रिकेची साक्ष येथे महत्त्वाची ठरते. मुंबई ही ज्यांची कर्मभूमी, त्या उस्ताद अल्लारखाँ यांच्यासमवेत रिच त्यात वाजवितो. दोन परंपरांचा सखोल समन्वय तेथे झाला असे म्हणवत नाही. परंतु रिचच्या एकलवादनात काय उणे होते, ते त्या सान्निध्यात स्पष्ट होते. तबल्याच्या स्वतंत्र वादनाला पेशकार, कायदा, रेला, तुकडे असा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम आहे. रेल्याची द्रुतगती प्रभावी ठरते ती आधीच्या विस्ताराच्या पायावर. जॅझच्या ड्रमवादनाला असा सर्वमान्य आराखडा वारशाने मिळालेला नव्हता. रोचने तो स्वतःच्या बुद्धीने रचला; रिच स्वभावावर विसंबला. म्हणून जेथे दुसऱ्याची रचना त्याला बांधून ठेवी, तेथे तो अधिक थोर ठरे.

त्याच्या स्वभावाचा दुसरा भाग दृष्टिआड करता येत नाही. आपल्या तरुण वादकांवर तो ज्या भाषेत तुटून पडे, तिची गुप्तपणे टिपलेली मुद्रणे सर्वश्रुत आहेत. पूर्णतेची आस हे त्या शिवीगाळीचे समर्थन होऊ शकत नाही; भयाने वृंद बिनचूक वाजू शकेल, परंतु बहरतो तो विश्वासानेच, आणि त्याचे उत्तम प्रयोग ऐकताना हा विश्वास जाणवतो म्हणूनच त्या मुद्रणांचे शल्य अधिक बोचते.

आज या कलेची अवस्था काय आहे? रिचचे नाव लोपलेले नाही. उलट २०१४ च्या ‘व्हिपलॅश’ या चित्रपटाने ते नव्या पिढीच्या तोंडी आणले. परंतु त्या चित्रपटातील वेग, रक्त आणि अपमान यांचे समीकरण म्हणजे त्याच्या वारशाचा सर्वात उथळ अंश होय. मिनिटाभराच्या चित्रफितींतून त्याचे एकलवादन तुकड्यातुकड्यांनी पाहून विद्यार्थी हात तयार करतात, आणि हातांची सर्वसाधारण पातळी पूर्वी कधी नव्हती इतकी उंचावली आहे. दुर्मिळ झाली आहे ती शाळा, जिच्यात रिचचे हात घडले: रोज रात्री नव्या गावी, त्याच पंधरा माणसांसह, जिवंत श्रोत्यांसमोर वाजविण्याची संधी. मोठे वृंद आता प्रामुख्याने विद्यापीठांच्या आश्रयाने तगून आहेत, आणि तेथे वर्षभराचा सराव संपतो न संपतो तोच विद्यार्थी पांगतात.

म्हणून रिचचा वारसा सांगू इच्छिणाऱ्यांनी वेगाची स्पर्धा मिटवून वृंदांना पाठबळ द्यावे, आणि ड्रमच्या विद्यार्थ्याला काठी हाती देण्यापूर्वी संपूर्ण रचना ऐकून मुखोद्गत करावयास लावावी. एकलवादक म्हणून रिच पहिल्या पंक्तीत बसेल की दुसऱ्या, यावर मतभेद राहतील आणि ते राहणे इष्टही आहे. परंतु आपल्यामुळे इतर पंधराजण अधिक चांगले वाजवितात की नाही, ही ड्रमवादकाची कसोटी मान्य केली, तर त्याच्या बरोबरीचे नाव शोधताना त्याच्या कठोरतम टीकाकारालाही फार वेळ थांबावे लागेल.