निमंत्रण, नोंदणी आणि ऑनलाइन अर्ज : महाविद्यालयीन कार्यक्रमांसाठीच्या साधन-निवडीची चिकित्सा

प्रस्तावना :

महाविद्यालयात चर्चासत्र, माजी विद्यार्थी मेळावा किंवा निरोप समारंभ ठरला की आयोजन समितीच्या पहिल्याच बैठकीत 'गुगल फॉर्म कोण करणार?' असे विचारले जाते. कोणते साधन वापरावे, हा प्रश्न सहसा उपस्थितच होत नाही. झालाच तर कोणते साधन विनामूल्य आहे, या एकाच निकषावर त्याचा निकाल लागतो. वास्तविक पाहता निमंत्रितांचा होकार-नकार मिळविण्यासाठी तयार केलेला अर्ज ही तांत्रिक बाब असली, तरी ती संस्था आणि निमंत्रित यांच्यातील संवादाची एक संहिताही असते. त्या संहितेत कोणते प्रश्न आहेत, कोणते सक्तीचे आहेत आणि कोणता प्रश्न विचारलाच गेलेला नाही, यावरून संस्थेला निमंत्रित कोणत्या रूपात हवा आहे हे कळते. प्रस्तुत लेखात माजी विद्यार्थी मेळाव्याचे उदाहरण समोर ठेवून अशा अर्जाची आणि त्यासाठी उपलब्ध असलेल्या साधनांची चिकित्सा केली आहे.

१. 'अगत्य' आणि 'आर.एस.व्ही.पी.' :

'रेपोंदे सिल वू प्ले' म्हणजे 'कृपया उत्तर द्यावे', या फ्रेंच शब्दसमूहाची आद्याक्षरे इंग्रजी निमंत्रणपत्रिकेतून आपल्याकडे आली. मराठी निमंत्रणपत्रिकेची परंपरा वेगळी आहे. 'अगत्य येण्याचे करावे', 'आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे' अशा शब्दयोजनेत निमंत्रिताचे येणे गृहीत धरलेले असते. त्याला 'येणार की नाही?' असे विचारणे हा एक प्रकारचा उपमर्द मानला जाई. निमंत्रितही सहसा स्पष्ट नकार देत नाही. 'बघतो', 'प्रयत्न करतो', 'जमवतोच' ही त्याची उत्तरे असतात, आणि यजमान ती उत्तरे माणूस ओळखून तोलतो. किती पाने वाढावी लागतील याचा अंदाज अनुभवी वडीलधारी मंडळी याच तोलण्यातून बांधत.

ऑनलाइन अर्जाला असे तोलणे शक्य नाही. त्याला निश्चित उत्तर हवे असते. म्हणून ज्या संस्कृतीत नकार उच्चारला जात नाही, त्या संस्कृतीत नकारासाठी सोपी आणि संकोचरहित जागा ठेवणे हे अर्जाचे पहिले कर्तव्य ठरते. प्रत्यक्षात घडते ते याच्या उलट.

२. विचारला न जाणारा प्रश्न :

मेळाव्याच्या प्रचलित अर्जाचा नमुना पाहिला असता त्यात पूर्ण नाव, जन्मतारीख, कायमचा पत्ता, मोबाइल क्रमांक, व्हॉट्सॲप क्रमांक, ई-मेल, उत्तीर्ण झाल्याचे वर्ष, सध्याचे पद, संस्थेचे नाव आणि अनेकदा छायाचित्र एवढे तपशील मागितलेले आढळतात. 'आपण येणार आहात का?' हा प्रश्न मात्र बहुधा नसतो. अर्ज भरणारा येणार, असे मानले जाते. परिणामी ज्याला येणे शक्य नाही तो अर्ज भरतच नाही, आणि ज्याच्यापर्यंत लिंक पोहोचली नाही तोही अर्ज भरत नाही. या दोन मौनांतील फरक आयोजकांना कधीच कळत नाही. पहिल्याला पुन्हापुन्हा स्मरणपत्रे जातात आणि दुसरा निमंत्रणाविनाच राहतो.

दुसरी उणीव संख्येविषयीची आहे. प्रतिसादांची संख्या म्हणजे माणसांची संख्या नव्हे. माजी विद्यार्थी सहकुटुंब येतात. 'आपल्यासह एकूण किती जण येणार?' हा अंकात उत्तर मागणारा प्रश्न नसेल, तर ऐंशी प्रतिसादांवरून ऐंशी ताटांची मागणी दिली जाते आणि पंगतीत धावपळ होते. याउलट एकाच व्यक्तीने दोनदा अर्ज भरल्यास ताटे उरतात.

असे का घडते, याचे कारण अर्जाच्या दुहेरी उपयोगात आहे. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेची स्थापना १९९४ मध्ये झाली. २०१७ मध्ये परिषदेची सुधारित मूल्यांकन पद्धती आल्यानंतर संख्यात्मक निकषांचे व त्यांच्या पुराव्यांचे महत्त्व वाढले. कार्यक्रम झाला एवढे पुरेसे राहिले नाही. त्याची यादी, छायाचित्रे व अभिप्राय जपून ठेवणे आवश्यक झाले. २०२० च्या टाळेबंदीत वेबिनारांचा सुकाळ झाला, तेव्हा नोंदणीचा अर्ज, अभिप्रायाचा अर्ज आणि ई-प्रमाणपत्र अशी एक साखळीच रूढ झाली. त्या काळाची सवय प्रत्यक्ष कार्यक्रमांतही टिकून राहिली. निमंत्रिताचे उत्तर मिळविणारा अर्ज अशा रीतीने अहवालाचा कच्चा माल गोळा करणारा अर्ज बनला. अहवालाची गरज खोटी नाही. तथापि ती भागविण्याची जागा कार्यक्रमस्थळीची उपस्थिती-नोंद ही आहे. नोंदणीचा आकडा उपस्थितीचा आकडा म्हणून अहवालात जाणे, हा या सरमिसळीचा सर्वांत गंभीर परिणाम होय.

३. साधनांची तुलना :

प्रश्न निश्चित झाल्यावरच साधनाचा विचार अर्थपूर्ण ठरतो. गुगल फॉर्म्सची सुरुवात २००८ मध्ये गुगलच्या स्प्रेडशीटला जोडलेली एक सोय म्हणून झाली आणि आजही त्याचे बळ त्या जोडणीतच आहे. आलेले प्रत्येक उत्तर शीटमध्ये ओळीने जमा होते. बेरीज, क्रमवारी व याद्या सहज निघतात. 'येणार नाही' असे उत्तर देणाऱ्याला जेवणाचे प्रश्न वगळून थेट शेवटी नेता येते. उत्तर नंतर बदलण्याची मुभाही देता येते आणि मेळाव्यासारख्या कार्यक्रमात ती अत्यंत मोलाची आहे. मात्र काही पर्याय निवडताच अर्जाचे दार अरुंद होते. छायाचित्र अपलोड करण्यास सांगितले किंवा प्रत्येकाकडून एकच प्रतिसाद घेण्याचा पर्याय निवडला, तर भरणाऱ्याला गुगल खात्यात प्रवेश करावाच लागतो. पासवर्ड विसरलेला पंचावन्न वर्षांचा माजी विद्यार्थी तेथूनच परत फिरतो.

मायक्रोसॉफ्ट फॉर्म्स २०१६ मध्ये प्रथम शैक्षणिक संस्थांसाठी आले. अर्ज सुरू आणि बंद होण्याची तारीख व वेळ त्यात ठरविता येते, तसेच एकाच अर्जाची अनेक भाषांतील रूपे ठेवता येतात. गुगल फॉर्म्समध्ये ही बहुभाषिक सोय अंगभूत नाही. मराठी व इंग्रजी मजकूर एकाखाली एक द्यावा लागतो किंवा दोन अर्ज करावे लागतात. ही दोन्ही साधने संस्थेच्या खात्यावरून वापरताना अर्ज केवळ संस्थेतील व्यक्तींपुरता मर्यादित राहण्याची शक्यता असते. ही बाब लक्षात न आल्यास प्राध्यापकांच्या मोबाइलवर उघडणारा अर्ज बाहेरच्या निमंत्रितांना मात्र उघडत नाही. म्हणून लिंक प्रसारित करण्यापूर्वी ती संस्थेबाहेरील एखाद्या व्यक्तीकडून तपासून घेणे इष्ट होय.

सर्व्हेमंकी, जॉटफॉर्म आणि टाइपफॉर्म ही व्यावसायिक साधने दिसायला देखणी आहेत. टाइपफॉर्म एका वेळी एकच प्रश्न पडद्यावर आणते, त्यामुळे मोबाइलवर ते सुटसुटीत वाटते. परंतु या तिन्हींच्या विनामूल्य योजनांत प्रतिसादांवर मर्यादा आहेत. काहीशे माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात ऐन वेळी ती मर्यादा गाठली गेली, तर देखणेपणाची किंमत मोजावी लागते.

लाइमसर्व्हे हे २००३ पासून विकसित होत आलेले मुक्त-स्रोत साधन यापेक्षा वेगळ्या प्रकृतीचे आहे. ते संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरवर बसविता येते व बहुभाषिक प्रश्नावलीची सोय त्यात अंगभूत आहे. मात्र त्याची देखभाल करणारा जाणकार महाविद्यालयात नसेल, तर एका दिवसाच्या मेळाव्यासाठी ते जड ठरते. याच्या दुसऱ्या टोकाला व्हॉट्सॲपवरील मतदान आहे. २०२२ मध्ये उपलब्ध झालेली ही सोय विभागाच्या पंधरा-वीस जणांच्या कार्यक्रमाला पुरेशी आहे. परंतु कोणी कोणते उत्तर दिले हे गटातील सर्वांना दिसत असल्याने नकाराचा संकोच तेथे वाढतो.

देवनागरीविषयी एक व्यावहारिक अडचण येथे नोंदविणे आवश्यक आहे. मराठीत आलेली नावे 'सीएसव्ही' स्वरूपात उतरवून थेट एक्सेलमध्ये उघडल्यास अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसू शकतात. तीच यादी एक्सेल स्वरूपात उतरविल्यास ही अडचण टळते. या एका अज्ञानापोटी 'नावे इंग्रजीतच लिहावीत' अशी सूचना मराठी विभागाच्या अर्जावरही देण्यात यावी, ही खेदाची बाब आहे.

४. यादी कोणाची? :

अर्ज बहुधा एखाद्या उत्साही तरुण प्राध्यापकाच्या व्यक्तिगत खात्यावरून तयार होतो. त्याची बदली झाली, किंवा तासिका तत्त्वावरील नेमणूक संपली, की शेकडो माजी विद्यार्थ्यांचे क्रमांक त्याच्याबरोबर जातात. पुढील वर्षी तीच माहिती पुन्हा मागितली जाते. याहून चिंताजनक म्हणजे उत्तरांची शीट 'लिंक असलेल्या कोणालाही' खुली ठेवून समितीच्या गटात टाकली जाते. गुगल फॉर्म्समधील प्रतिसादांचा सारांश भरणाऱ्यांना दाखविण्याचा पर्याय सुरू राहिल्यास एकाने लिहिलेला मजकूर दुसऱ्याला वाचता येतो. माजी विद्यार्थिनींचे दूरध्वनी क्रमांक आणि पत्ते यांच्या बाबतीत हा निष्काळजीपणा कोणत्या थराला जाऊ शकतो, हे वेगळे सांगावयास नको.

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होणार आहे. माहिती कशासाठी घेतली जात आहे हे सांगणे, त्या हेतूला आवश्यक तेवढीच माहिती संमतीने घेणे आणि संमतीची विनंती इंग्रजी किंवा आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याचा पर्याय देणे, ही या कायद्यामागील तत्त्वे आहेत. मराठी आठव्या अनुसूचीत आहेच. जेवणाच्या ताटांचा अंदाज घेण्यासाठी जन्मतारीख कशाला, या साध्या प्रश्नाला आता कायद्याचेही पाठबळ मिळाले आहे.

५. अर्जाबाहेरचा निमंत्रित :

कोणतेही साधन निवडले, तरी काही निमंत्रित त्याच्या कक्षेबाहेर राहतात. निवृत्त शिक्षक, स्मार्टफोन नसलेले जुने सेवक, पहिल्या तुकडीतील विद्यार्थी हे बहुधा त्यांत असतात. आणि मेळाव्याला शोभा येते ती नेमकी त्यांच्या उपस्थितीने. लग्नघरी घरोघर जाऊन अक्षत देण्याच्या प्रथेत जे सौजन्य होते, ते दूरध्वनी करून आणि समितीतील सदस्याने त्यांच्या वतीने अर्ज भरून टिकविता येते. उत्तर त्याच शीटमध्ये जमा होते. फरक एवढाच की प्रश्न माणसाने विचारलेला असतो.

निष्कर्ष :

१. साधनाची निवड ही प्रश्नांच्या निवडीनंतरची पायरी आहे. मेळाव्यासाठी नाव, उत्तीर्ण वर्ष, येणे किंवा न येणे, एकूण संख्या, भोजनाची आवड आणि एक संपर्क क्रमांक एवढे सहा प्रश्न पुरेसे ठरतात.

२. सर्वसाधारण महाविद्यालयासाठी गुगल किंवा मायक्रोसॉफ्ट यांचे साधन पुरेसे आहे. मात्र ते संस्थेच्या खात्यावरून, खात्यात प्रवेशाची सक्ती न करता आणि उत्तर बदलण्याची मुभा देऊन वापरावे.

३. 'येऊ शकणार नाही' हा पर्याय ठळकपणे द्यावा आणि तो निवडणाऱ्याला कारण विचारू नये.

४. नोंदणी आणि उपस्थिती यांची नोंद स्वतंत्र ठेवावी. अहवालात उपस्थितीचाच आकडा द्यावा.

५. शीट मोजक्या व्यक्तींनाच खुली ठेवावी व कार्यक्रमानंतर अनावश्यक तपशील काढून टाकावेत.

निमंत्रिताने दिलेले उत्तर हा त्याने संस्थेवर ठेवलेला विश्वास असतो. अर्ज साधा असो वा देखणा, तो विश्वास सांभाळतो की नाही यावरच त्याचे मूल्यमापन व्हावयास हवे.