पुढच्या आठवड्याची वाट आणि घरातली कॅसेट

धुळ्याहून एसटीने आलेली मुलं मागे उभी आहेत, त्यांना आधी जागा करून द्या. हं, आता सुरू करू.

आजचा विषय वाचून दोघा-तिघांनी मला फोन केले. 'सर, तुम्ही तत्त्वज्ञान सोडून टीव्ही मालिकांवर कधीपासून बोलायला लागलात?' मी म्हटलं, लागलो खरा, पण पंचवीस वर्षं उशिरा. उशीर का झाला, तेही आज सांगणार आहे.

मालिका आहे 'हिप हिप हुर्रे'. १९९८ ते २००१ या काळात झी टीव्हीवर होती. आठवड्यातून एकदा, अर्धा तास. दिग्दर्शन नूपुर अस्थाना यांचं. डीनोबिली हायस्कूल नावाची शहरी शाळा, तिथला बारावीचा वर्ग, आणि त्या वर्गातली दहा-बारा मुलं-मुली. पूरब कोहलीचा मझहर, विशाल मल्होत्राचा जॉन हे तुमच्यापैकी चाळिशीत असलेल्यांना लगेच आठवतील. बघा, आठवले! चेहऱ्यावर दिसतंय.

या मालिकेत खलनायक नव्हता आणि खून, वारसाहक्क असलंही काही नव्हतं. परीक्षा, मैत्रीतला रुसवा, एकतर्फी प्रेम, आईबापांच्या अपेक्षा, बस्स. मोठ्या माणसाला यात काय घडतं तेच कळत नाही. मलाही कळलं नव्हतं. 'हे काय फालतू बघतेस' असं मी मुलीला म्हणालो होतो. ती तेव्हा बारावीत होती.

ॲरिस्टॉटलने 'र्‍हेटरिक' या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात तरुण आणि वृद्ध यांच्या स्वभावाची तुलना केली आहे. तो म्हणतो, तरुण माणूस आशेवर जगतो, कारण त्याच्यापुढे भविष्य मोठं असतं आणि भूतकाळ थोडा. म्हाताऱ्याचं उलटं असतं, तो आठवणीवर जगतो. एवढं साधं निरीक्षण, पण किशोरवयीन मालिकेचं सगळं शास्त्र मला त्यात दिसतं.

दर आठवड्याला येणारी मालिका ही आशेची वस्तू असते. सोळा-सतरा वर्षांचं वय म्हणजे एक लांबलेली वाट पाहणं. निकालाची वाट, कुणाच्या तरी उत्तराची वाट, आपण कोण होणार याची वाट. मालिकाही तसंच करते, अर्ध्यावर थांबते आणि म्हणते, पुढच्या आठवड्यात या. म्हणून हा प्रकार त्या वयाला चपखल बसतो. दोन तासांचा सिनेमा तुम्हाला शेवट दाखवून घरी पाठवतो. त्या वयाला शेवट माहीतच नसतो.

आता तीच मालिका कॅसेटवर किंवा डीव्हीडीवर आली की काय होतं? वाट पाहणं संपतं. ती आठवणीची वस्तू होते आणि तिचा ग्राहकही बदलतो. अमेरिकेत 'फ्रीक्स अँड गीक्स' नावाची अशीच शाळकरी मुलांची मालिका १९९९ मध्ये एनबीसी वाहिनीवर आली. १८ भाग तयार झाले होते, पण १२ दाखवल्यावर वाहिनीने ती बंद केली. डीव्हीडी निघाली २००४ मध्ये. उशिराचं मोठं कारण म्हणजे गाणी. मालिकेत त्या काळातली गाजलेली गाणी होती आणि त्यांचे हक्क घेणं महागडं काम होतं. चाहत्यांनी मागणी लावून धरली, म्हणून गाणी न बदलता संच निघाला. गाणी शाबूत हवीत, असं कोण म्हणतं? ज्याला तो काळ जसाच्या तसा परत हवा आहे तो. म्हणजे आठवणीवर जगणारा.

इथपर्यंत माझा युक्तिवाद व्यवस्थित होता. आशा म्हणजे प्रक्षेपण, आठवण म्हणजे कॅसेट. टाळ्या घ्याव्यात असं समीकरण. पण गेल्या दिवाळीला मुलगी घरी आली आणि तिने ते मोडलं.

मी तिला हेच सांगत होतो. ती म्हणाली, 'बाबा, आमच्याकडेपण कॅसेट होती.' तिच्या मैत्रिणीकडे व्हीसीआर होता. केबलवर मालिका लागली की त्या दोघी ती टेप करायच्या, आणि तेही मैत्रिणीच्या भावाच्या लग्नाच्या कॅसेटवर! मंगलाष्टकं पुसली गेली आणि तिथे डीनोबिली हायस्कूल आलं. घरात केवढा दंगा झाला असेल, कल्पना करा.

पण पुढे ती जे बोलली ते ऐका. एका भागात मुलगी वडिलांशी बोलते, तेवढाच तुकडा ती मागे नेऊन पुन्हा पुन्हा बघायची. का, तर तसं बोलता येतं का, हे तिला पाहायचं होतं. वाक्य कुठून सुरू करायचं, आवाज किती ठेवायचा, बाप रागावला तर कुठे बघायचं. तिला मेडिकलला जायचं नव्हतं आणि ते मला सांगायचं होतं. परीक्षेच्या आधी तिने सांगितलंही. मी म्हणालो, 'परीक्षा झाल्यावर बोलू.' परीक्षा झाल्यावर मी बोललो नाही. पुढे ती फार्मसीला गेली, आज तिचं बरं चाललंय. पण आयुष्यभर संवादाचं तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाच्या घरात मुलीला बोलण्याची तालीम एका कॅसेटपुढे करावी लागली.

म्हणजे ती कॅसेट आठवणीची वस्तू नव्हती. वाट पाहून थकलेल्या आशेला मिळालेलं ते रिवाइंडचं बटण होतं. ॲरिस्टॉटल चुकला नाही, मीच त्याला घाईने वापरला.

मग मालिका चांगली होती का? होती. मुलांच्या प्रश्नांना ती हसली नाही, आणि हे फार थोड्यांना जमतं. पण तिची मोठी मर्यादाही सांगतो. तिथली भाषा हिंदी-इंग्रजी मिसळलेली, महानगरी. त्या वर्गात एसटीचा पास काढून पारोळ्याहून किंवा शिंदखेड्याहून येणारं कुणी नव्हतं. कापूस वेचायच्या दिवसांत शाळा बुडवणारी मुलगी नव्हती. माझी मुलगी तालीम करत होती ती दुसऱ्याच्या घरातल्या वाक्यांची. ती वाक्यं आमच्या जळगावच्या ओट्यावर उच्चारली की परकी वाटत. मीही म्हणालो होतो, 'हे टीव्हीतलं बोलू नकोस.'

खरं तर किशोरांसाठी क्रमशः लिहिणं खान्देशाला नवं नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी १९२४ ते १९३० शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते हाताने लिहून दैनिक काढायचे. पुढे 'श्यामची आई'ची मांडणीही रात्र पहिली, रात्र दुसरी अशीच केली. श्रोता उद्या पुन्हा येणार, हे त्यात गृहीत आहे. आणि लिहिणाऱ्याला वसतिगृहातल्या प्रत्येक मुलाचं घर ठाऊक होतं. फरक तिथे पडतो.

नेमाड्यांच्या 'कोसला'त, १९६३ साली, आपल्याकडचाच मुलगा पुण्याला शिकायला जातो आणि बापाशी त्याचं बिनसतं. कादंबरीत आपला मुलगा आला. पडद्यावर अहिराणीची गाणी आली, विनोद तर भरपूर आले. पण धुळ्यातली बारावीची पोरगी बापासमोर उभी राहून गंभीरपणे, अहिराणीत, 'मला हे नको' म्हणते, तो प्रसंग मला बघायचा आहे. आता व्हीसीआर लागत नाही, लग्नाची कॅसेटही पुसावी लागत नाही. मागे बसलेल्या सगळ्यांच्या खिशात कॅमेरा आहे.

तुम्ही तो प्रसंग केलात तर मला दाखवा. मी आधी एकटा बघेन. मग मुलीला फोन करेन आणि परीक्षा झाल्यावर जे बोलायचं राहिलं होतं ते बोलेन. खरं म्हणजे त्यासाठी तुमची वाट बघायलाही नको. आजच करतो.

आता प्रश्न विचारा, आणि मागच्या मुलांनी आधी विचारा. त्यांची बस आहे.